स्वाराने आधी सलाम करावा

माझा भाचा गेल्या जुलैमध्ये मनालीहून लेहपर्यंत मोटारसायकलने जाऊन आला. परतल्यावर त्याने बारालाचा खिंडीचे, सुमारे ५,३०० मीटर उंचीवरील तांगलांग खिंडीचे बरेच वर्णन केले. परंतु त्याच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला होता तो एका अगदी साध्या गोष्टीचा. तो म्हणाला, "मामू, तिकडे समोरून येणारा प्रत्येक बाइकवाला हात वर करतो. ना ओळख, ना पाळख, भाषासुद्धा वेगळी. थंडीने बोटे बधिर झालेली असतात, अशा वेळी तो एक इशारा फार धीर देतो. आपल्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षे राहणारी माणसे तरी एकमेकांना इतका सलाम करतात का?"

मी त्याला सहज विचारले, "आणि रस्त्याच्या कडेला खडी पसरणारे, डांबर टाकणारे मजूर असतील ना? त्यांना हात केलास?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही मामू. ते सुचलेच नाही."

त्याचे उत्तर प्रामाणिक होते. त्याने कोणाचा अपमान केला नव्हता, कोणाकडे तुच्छतेने पाहिले नव्हते. केवळ सुचले नव्हते. परंतु अभिवादन कोणाला करायचे सुचते आणि कोणाला करायचे सुचत नाही, यातच माणसाच्या मनाचा नकाशा दडलेला असतो. म्हणून या छोट्याशा विषयावर थोडा विचार करणे मला आवश्यक वाटते.

एक चांगली प्रथा आणि तिची मर्यादा

मोटारसायकलस्वारांनी एकमेकांना अभिवादन करण्याची ही प्रथा जगभर आढळते. जेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेथे स्वार डावा हात हँडलवरून सोडून खाली तिरका धरतो आणि दोन बोटे दाखवतो. फ्रान्समध्ये पुढे जाऊ देणाऱ्या वाहनचालकाचे आभार मानण्यासाठी स्वार उजवा पाय बाजूला काढतो. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात; समोरच्या स्वाराकडे असलेला उजवा हात ॲक्सिलरेटरवर गुंतलेला असतो, म्हणून तेथे बहुधा मान हलवूनच अभिवादन होते. आपल्याकडे कोणी मान हलवतो, कोणी हात वर करतो.

या प्रथेमागे एक खरी मानवी भावना आहे. मोटारसायकलस्वाराभोवती पत्र्याचे कवच नसते. ऊन, पाऊस, निसरडा रस्ता, बेफाम ट्रक हे सारे त्याला उघड्या अंगावर झेलावे लागते. समोरून येणाराही तेच झेलत आहे, ही जाणीव त्या इशाऱ्यात असते. 'तू संकटात पडलास तर मी थांबेन' असे न बोललेले वचनही त्यात असते, आणि निर्मनुष्य रस्त्यांवर अनेक स्वार ते पाळतातही. अनोळखी माणसाचे भले चिंतणे ही इस्लामच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु हे अभिवादन नेमके कोणाला असते? ते माणसाला असते की त्याच्या वाहनाला? महागड्या मोटारसायकलवरचा स्वार दुसऱ्या तशाच मोटारसायकलला हात करतो. त्याच रस्त्याने दुधाचे कॅन लटकवून जुनी मोपेड चालवणारा जातो, पाठीवर जेवणाची पेटी घेऊन घरपोच अन्न पोहोचवणारा तरुण जातो. ऊन-पाऊस त्यांच्याही अंगावरच येतो, किंबहुना अधिक येतो. मात्र त्यांच्या वाट्याला हा इशारा क्वचितच येतो. आणि ज्यांनी तो रस्ता बांधला, दरवर्षी बर्फ हटवून तो खुला केला, ते मजूर? लडाखच्या रस्त्यांवर काम करणारे कितीतरी मजूर झारखंडसारख्या दूरच्या राज्यातून पोटासाठी येतात. स्वार ज्या खिंडीत छायाचित्र काढून पुढे निघतो, तेथे ते दिवसचे दिवस राबतात. ते पायी असतात, म्हणून ते त्या बंधुत्वात बसत नाहीत.

साम्यावर उभारलेल्या प्रत्येक बंधुत्वाची ही मर्यादा आहे. माझ्यासारखा जो, तो माझा. हे प्रेम खरे असते, पण त्यात माणूस पुष्कळदा आपल्याच प्रतिबिंबाला नमस्कार करत असतो.

प्रेषितांनी लावलेला क्रम

आता सलामविषयीची इस्लामी शिकवण पाहा. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसीनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलामचा क्रमच ठरवून दिला आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी पुष्कळांना.

जगाची रीत नेमकी उलट होती आणि आजही आहे. घोड्यावरच्या सरदाराला रस्त्यावरच्या माणसाने मुजरा करावा, गाडीतल्या साहेबाला पहारेकऱ्याने सलाम ठोकावा, ही जगाची रीत. प्रेषितांनी (स.) अभिवादनाची जबाबदारी वर बसलेल्यावर टाकली. हाफिज इब्ने हजर (रह.) यांनी सहीह बुखारीवरील आपल्या भाष्यात याचे एक कारण पूर्वीच्या विद्वानांच्या हवाल्याने नोंदवले आहे. वाहनावर बसल्याने माणसाच्या मनात अहंकार शिरू नये आणि त्याने नम्रतेकडे परतावे, हे ते कारण. यात आणखी एक गोष्ट जोडता येईल. स्वाराजवळ वेग आहे, बळ आहे. पायी चालणाऱ्याला त्याच्यापासून धोका आहे, त्याला पायी चालणाऱ्यापासून नाही. म्हणून 'तुझ्यावर शांती असो, माझ्याकडून तुला भय नाही' हे आधी कोणी सांगायचे? ज्याच्यापासून भय असू शकते त्यानेच.

दुसरी शिकवण हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या हदीसीत आहे. इस्लाममधील उत्तम आचरण कोणते, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) भुकेल्याला अन्न देणे आणि ओळखीच्या व अनोळखी, दोघांनाही सलाम करणे, या दोन गोष्टी सांगितल्या. भाकरी आणि सलाम एकाच श्रेणीत ठेवले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोटाची भूक असते तशी कोणीतरी आपल्याला माणूस म्हणून ओळखावे याचीही भूक असते. आणि केवळ ओळखीच्यांपुरता उरलेला सलाम मुसनद अहमदमधील एका कथनात कयामत जवळ आल्याच्या चिन्हांत मोजला गेला आहे.

सहाबांनी ही शिकवण कशी जगली, याचे एक उदाहरण मुअत्ता इमाम मालिकमध्ये आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) बाजारात जात, पण ना काही विकत घेत, ना भाव विचारत, ना कोठे बैठक मारत. सोबत असणाऱ्या तुफैल यांनी एकदा कारण विचारले, तेव्हा भेटेल त्याला सलाम करण्यासाठीच आपण जातो, असे त्यांनी सांगितले. जुनेपाने, किरकोळ सामान विकणारा असो, मोठा व्यापारी असो की एखादा गरीब, ते कोणालाही वगळत नसत.

आपला सलाम तपासू या

भाच्याला प्रश्न विचारणे सोपे होते. तो प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा मी अस्वस्थ झालो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात मी कोणाकोणाशी हात मिळवतो? ज्यांच्याशी व्यवहार आहे, नाते आहे, ज्यांचा मसलक माझा आहे, त्यांच्याशी. मशिदीत वुजूची जागा धुणाऱ्याचे नाव मला ठाऊक नव्हते. परप्रांतातून आलेला, बांधकामावर काम करणारा तरुण मागच्या सफमध्ये बसतो आणि न बोलता निघून जातो. शब्द सलामचा, पण वापर बिल्ला पाहून हात करणाऱ्या स्वारासारखाच. त्या स्वारांना तर कोणी प्रेषितांची (स.) हदीस ऐकवलेली नव्हती. आपण ती लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून आपला दोष अधिक मोठा.

येथे कोणी विचारील, आपण बहुधर्मीय वस्तीत राहतो. रस्त्यावर भेटणारे सगळेच मुस्लिम नसतात, मग काय करावे? अभिवादनाचे शब्द कोणते असावेत याबाबत फुकहांमध्ये मतभेद आहेत आणि तो विषय आलिमांकडून समजून घ्यावा. परंतु मुस्लिम, मूर्तिपूजक आणि यहुदी एकत्र बसलेल्या एका बैठकीजवळून जाताना प्रेषितांनी (स.) सलाम केल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. लोकांशी चांगले बोलावे ही दिव्य कुरआनची आज्ञा (सूरह अल्-बकरह, ८३) सर्व लोकांविषयी आहे. तसेच अभिवादनाला त्याहून उत्तम किंवा निदान तितकेच चांगले उत्तर द्यावे, असा आदेश सूरह अन्-निसाच्या ८६व्या आयतीत आहे. शब्द कोणताही निवडा. तोंड फिरवून जाण्याला मात्र या आयतींमध्ये आधार सापडत नाही.

दुसरी शंका व्यवहाराची. शहराच्या गर्दीत प्रत्येकाला सलाम कसा करणार? इस्लाम अशक्य ते मागत नाही. परंतु सिग्नलवर शेजारी थांबलेला, आपल्या गेटवरचा पहारेकरी, पेट्रोल भरणारा मुलगा, झाडू मारणारी भगिनी यांच्यापाशी आपण रोज काही क्षण थांबतोच. वाहन चालवताना हात सोडणे धोक्याचे असेल तर सोडू नये. दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा होईल असे पुण्य शरीअत सांगत नाही. दूर असलेल्याला केवळ इशारा न करता तोंडानेही सलाम म्हणावा. तिर्मिजीत हजरत अस्मा बिन्ते यजीद (रजि.) यांच्याकडून आले आहे की प्रेषितांनी (स.) मशिदीत बसलेल्या स्त्रियांना हाताच्या इशाऱ्याने सलाम केला. इमाम नववी (रह.) यांनी याचा अर्थ शब्द आणि इशारा दोन्ही एकत्र होते, असा लावला आहे.

सलाम म्हणजे वचन

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी, आणि त्यांना वाहन घेऊन देणाऱ्या मातापित्यांसाठी. सलाम हे सुरक्षिततेचे वचन आहे. ज्याच्या जिभेपासून व हातापासून इतर लोक सुरक्षित, तो मुसलमान, असे हदीस सांगते. आज त्या हातात ॲक्सिलरेटरही आहे. शब-ए-बरातच्या रात्री मशिदीतून बाहेर पडून रस्त्यावर शर्यती लावणारी, सायलेन्सरचे बार उडवून आजाऱ्यांची व तान्ह्या मुलांची झोप मोडणारी आपलीच मुले असतात. दारात 'अस्सलामु अलैकुम' आणि नाक्यावर दहशत, या दोहोंत मेळ कसा बसणार? ज्याने रस्त्यावर लोकांना भय दिले, त्याने तोंडाने दिलेली शांती हाताने परत घेतली.

वाहनावर बसताना जी दुआ आपण म्हणतो, ती सूरह अज्-जुखरुफमधील (१३-१४) आहे. हे वाहन आपल्या सामर्थ्याने आपल्या ताब्यात आलेले नाही, ते अल्लाहने दिले आहे आणि आपल्याला त्याच्याकडेच परतायचे आहे, याची कबुली तीत आहे. ही कबुली मनापासून देणारा स्वार पायी चालणाऱ्याला खाली कसा पाहील? तो तर आधी सलाम करील.

मुलाच्या हाती नव्या गाडीची किल्ली देताना हेल्मेटसोबत ही एक हदीसही द्यावी: स्वाराने आधी सलाम करावा. भाचा पुढच्या वर्षी पुन्हा लडाखला जाण्याचा विचार करतो आहे. या वेळी मजुरांपाशी थांबेन, असे तो म्हणाला. मी मात्र लडाखपर्यंत जाण्याची वाट पाहिली नाही. गेल्या जुम्याला वुजूखान्यातल्या त्या भावाला सलाम करून त्याचे नाव विचारले.

अल्लाह आपला सलाम ओळखीच्या आणि स्वार्थाच्या बंधनातून मुक्त करो, आणि आपल्या जिभेपासून, हातापासून व वाहनापासून त्याच्या सर्व दासांना सुरक्षित ठेवो. आमीन.