बाकावरचा शेजारी



साठी उलटली की आपण म्हणतो, "आता नको ती वर्दळ, चार माणसं पुरेत." आणि मनातल्या मनात त्याला वैराग्य म्हणून मोकळे होतो. मीही म्हणत होतो. चिंपांझींबद्दल वाचलं आणि जरा ओशाळलो.

युगांडातल्या किबाले अरण्यात अभ्यासकांनी 20 वर्षं 21 नर चिंपांझींवर लक्ष ठेवलं. कोण कोणाजवळ जाऊन बसतो, कोण कोणाच्या केसांत बोटं घालून अंग साफ करून देतो, सगळं टिपलं. 2020 साली ते छापून आलं. दोघांनाही एकमेकांजवळ बसायला आवडत असेल तर दुतर्फी मैत्री, एकालाच आवडत असेल तर एकतर्फी. 15 वर्षांच्या नराचे सरासरी 2.1 मित्र एकतर्फी, दुतर्फी 0.9. चाळिशीच्या नराचे, म्हणजे चिंपांझींतल्या आजोबाचेच म्हणा, दुतर्फी 3.2 आणि एकतर्फी फक्त 0.6. हे आजोबा एकटेही जास्त बसतात, भांडणंही कमी करतात.

माणूस उतारवयात निवडक होतो तो मरण जवळ आल्याचं कळतं म्हणून, असं मानसशास्त्रात मानलं जायचं. चिंपांझीला मरणाचा एवढा लांबचा विचार असेल याला काही पुरावा नाही. तरी तोही तेच करतो. मग माझ्या 'चार माणसं पुरेत'चं श्रेय मी कशाला घेऊ?

मला टोचतात ती एकतर्फी माणसं. आमच्या कमाटीबागेत एक गृहस्थ रोज संध्याकाळी माझ्याच बाकावर येऊन बसतात. पत्नी गेल्यापासून एकटे आहेत. तेच ते बोलतात. खोटं कशाला सांगू, त्यांना चुकवायला मी फिरायची वेळ बदलली होती.

म्हातारा चिंपांझी उठून दुसरीकडे गेला तर त्याला कोणी दोष देणार नाही. मला द्यावा का? आवडत नसताना आवडल्याचं दाखवणं हेही खोटंच की. मैत्री काही कर्तव्य म्हणून होत नाही. पण शेजारी बसू द्यायला मैत्री लागतेच कुठे? त्यांनी तेवढंच तर मागितलं होतं, आणि तेवढंही मी नाकारत होतो.

काल पुन्हा जुन्याच वेळेला गेलो. ते होतेच. गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट, पहिल्यापासून. ऐकली. मध्ये दोनदा घड्याळही पाहिलं.