शमीवर ठेवलेली शस्त्रं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी विराटपर्वाचं वाचन झालं. आरतीनंतर एका ताईंनी हळूच विचारलं, "यांची नोकरी गेलीय. इथे सांगितलं तर चालेल का हो?" त्यांना जे उत्तर दिलं, तेच सगळ्यांसाठी लिहिते आहे.

अज्ञातवासाची गोष्ट आपण लपण्याची म्हणून ऐकतो. पण ती काम शोधण्याचीही गोष्ट आहे. राज्य गेलेलं, बारा वर्षं वनात काढलेली. नगरात शिरण्याआधी सगळ्यांनी मिळून विचार केला, आपल्याला येतं काय? भीमाला स्वयंपाक येत होता, तो बल्लव झाला. नकुल घोड्यांकडे गेला, सहदेव गाईंकडे. अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवू लागला. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करू लागली. एकेक जण स्वतः गेला आणि म्हणाला, मला हे येतं, कामावर ठेवा. पुढे अपमानही सोसावे लागले, ते आपण जाणतोच. नावं खोटी घेतली, पण हातातली कला खरी होती.

आता माझीच चूक सांगते. २०२० चा लॉकडाऊन आठवा. मुंबईकडून निघालेले मजूर आपल्या इंदूरच्या बायपासवरून उत्तर प्रदेशाकडे पायी चालले होते. आपण पुरी-भाजीची पाकिटं वाटत होतो. त्याच महिन्यात माझ्या मुलाची पुण्यातली हॉटेलची नोकरी गेली होती, आणि मी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. सेवेतही कुणी विचारलं की म्हणायची, "मजेत आहे, घरूनच काम करतो." हॉटेलचं काम घरून कसं होणार, हेही मला सुचलं नाही!

एका मजुराने पाकीट घेतलं, हात जोडले आणि विचारलं, "दीदी, इधर कुछ काम मिलेगा क्या? सुतारी आती है." उन्हात पाय पोळलेले, पण बोलताना मान ताठ. मीच खाली बघितलं. त्याला मागण्याची लाज नव्हती, मला सांगण्याचीही होती.

त्याच आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं. ज्यांच्याशी वर्षभरात चार शब्दही बोलले नव्हते, अशा एका काकूंच्या भाच्याने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं काम सुचवलं. पगार निम्मा होता, पण मुलगा गेला. काम पुष्कळदा असंच लांबच्या ओळखीतून मिळतं. जवळच्यांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं.

कुणी म्हणेल, म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसायचा? नाही. आपल्याकडची हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा मार्ग मोकळा झाला तो २०२३ च्या डिसेंबरात. पण चूल बत्तीस वर्षं थांबत नाही. कुणी रिक्षा चालवली, कुणी ठेला लावला, आणि हक्काची लढाईही सोडली नाही. पांडवांनी तरी राज्यावरचा हक्क कुठे सोडला होता?

त्यांनी शस्त्रं फेकून दिली नाहीत, शमीच्या झाडावर जपून ठेवली. दसऱ्याला आपण त्या शमीला नमस्कार करतो. काम बदललं म्हणजे जुनं शिक्षण वाया गेलं असं नाही. ते शमीवर आहे, वेळ आली की उतरवता येतं.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांचं काम सुटलं असेल त्यांनी गुरुवारी आरतीनंतर मोकळेपणाने सांगावं. नुसतं "काही काम बघा" न म्हणता काय येतं ते सांगावं. आणि ऐकणाऱ्यांनी "का काढलं?", "आधी किती मिळायचे?" असलं विचारू नये. "मी कुणाला फोन करू?" एवढंच विचारावं. महाराजांच्या दारात हीसुद्धा सेवाच आहे.

त्या ताईंनी गुरुवारी यजमानांना सोबत आणायचं कबूल केलं आहे. त्यांच्यासाठी आधी जागा धरून ठेवू या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

– आपली एक सेवेकरी भगिनी, इंदूर