फळ आणि योगक्षेम

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरत असतो: ‘मॅडम, पोरीचा हात चांगला हाय, पण ह्यातनं पुढं काय?’ तालुक्याच्या गावातलं आमचं चित्रकलेचं छोटं कॉलेज. फाउंडेशन आणि एटीडी एवढंच शिकवतो. पुढे जीडी आर्ट किंवा बीएफए करायचं तर कोल्हापूर, पुणे, नाहीतर मुंबईचं जेजे गाठावं लागतं.

अशा बापाला गीतेचा दुसरा अध्याय ऐकवणं सोपं आहे: काम कर, फळाकडे बघू नकोस. मला मात्र संकोच वाटतो. माझा पगार दर महिन्याला जमा होतो ना!

गीतेचं म्हणणं खोटं नाही, हे मी वर्गात रोज बघते. परवा वस्तुचित्राला तांब्याचा घडा मांडला होता. एका मुलीने त्याची उजवी कडच सगळ्यात गडद केली आणि घडा चपटा दिसू लागला. बराच वेळ निरखल्यावर तिच्या ध्यानात आलं की दाट सावली कडेला नाहीच, जराशी आत आहे. कडेवर खालच्या पिवळ्या कापडाचा उजेड उलटून आलाय. तिने तिथे नारिंगीची एक बारीक रेघ ओढली आणि घडा गोल झाला. त्या वेळी तिला मार्क आठवत नव्हते, नोकरीही नाही. कामाचं फळ कामातच असतं म्हणतात, ते हेच असावं.

पण याच मुलीला रंग, कागद आणि एसटीचं भाडं लागतं. आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत तासावर चित्रकला शिकवते. मानधन वाढवून मागितलं, तर उत्तर मिळालं, ‘कला ही सेवा असते, बाई.’ कायद्याचाही तिला फारसा आधार नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तिथे कलेचा शिक्षक आहे, पण अंशकालीन.

इथे निष्काम कर्म उलटं फिरतं. फळाची आस सोड, असं कृष्ण सांगतो ते काम करणाऱ्याला. काम करून घेणाराच ते वचन पुढे करू लागला, की तो उपदेश राहत नाही, मजुरी बुडवायची सोय होते. त्याच गीतेच्या नवव्या अध्यायात देव भक्ताचा योगक्षेम स्वतःच्या अंगावर घेतो. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली आहे ते हेच वचन. म्हणजे फळ वेगळं आणि योगक्षेम वेगळा. फळावर हक्क सांगू नये, हे मान्य. योगक्षेमाचा भार मात्र कुणीतरी उचलावाच लागतो, आणि देव तो बहुधा माणसांकरवीच उचलतो.

मग संतांचा दाखला येतो. गोरोबाकाकांनी अभंगाचे पैसे घेतले नाहीत, खरंच. पण त्यांनी मडकी फुकट वाटली, असं मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. त्या पोटापाण्याच्या कामातूनच ते सिनेमाकडे वळले, कॅमेरा घरच्या घरी घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पैसे घेतल्याने कला बाटत नाही.

म्हणून त्या बापाला मी दोन्ही गोष्टी सांगते. कायम नोकरीच्या जागा थोड्या आहेत. बोर्ड रंगवायचं काम फ्लेक्सने खाल्लं. मुली क्लास काढतात, लग्नाचे स्टेज सजवतात, कॉम्प्युटरवर डिझाइन करतात. चित्र उतरेल का, नाव होईल का, याची हमी मागू नका. ती कुणालाच मिळत नाही. पण पहिल्या कामापासून दर आधी ठरवायची सवय पोरीला लावा. यंदा आम्हीही दुसऱ्या वर्षाला वस्तुचित्राच्या जोडीला बिल लिहायचा तास ठेवलाय.