नरो वा लोणचे वा

"लोणचं बंद आहे ना?" ब्लडप्रेशरचा पट्टा सोडत डॉक्टरांनी विचारलं.

"अगदी बंद!" मी म्हणालो. तसं हे खोटं नव्हतं. बरणी त्या क्षणी बंदच होती. धर्मराजानंही अश्वत्थाम्याच्या बाबतीत एवढंच केलं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझा रथ कधी वर नव्हताच. वर होता तो पारा!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी खा. म्हणजे भाजी-आमटी धरून जेमतेम चहाचा चमचाभर. त्यात लोणचं बसवायचं कुठं?

"मग गोळी पुरत नाही असं दिसतं," म्हणत डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढाऱ्यानं खोटं बोलावं नि जनतेनं ते भोगावं, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. पण इथं पुढारीही मीच आणि जनताही मीच!

दारापर्यंत गेलो नि मागं फिरलो. "डॉक्टर, बंद आहे ती बरणी. लोणचं चालू आहे."

"कैरीचं का लिंबाचं?" डोस खोडत त्यांनी विचारलं. आवाज इतका हळवा, की मला त्यांच्याच घरच्या बरणीची शंका आली.