न धुतलेला हात

डाळिंबाला बोर्डो मारून घरी आलो तेव्हा दिवस मावळला होता. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी; वर्षानुवर्षं हेच प्रमाण. हात नुसते पाण्याखाली धरले, साबण लावायचा कंटाळा केला. तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, माशांच्या पेटीतली हवेची नळी निसटलीय." मी बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, नळी बसवली आणि जेवायला बसलो. तिसऱ्या दिवशी सहा गोगलगाई तळाला पडल्या होत्या. गप्पी मासे मात्र शेपट्या हलवत काचेपाशी दाण्याची वाट बघत होते.

पेटी दोन फुटी, पाणी पन्नासेक लिटर. गप्पी आरोग्य केंद्रातून आणलेले. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते हौदात सोडायला देतात. त्यातले दहा-बारा नातीनं काचेत ठेवून घेतले. गोगलगाई चारीच्या शेवाळाबरोबर आल्या, न बोलावता.

शेजारी म्हणाला, "गोगलगाईच त्या! पावसाळ्यात कोथिंबिरीवरच्या मीठ टाकून मारता की." बोलणं खरं होतं, म्हणून लागलं. सोपानकाकांची पालखी आमच्या निरवांगीवरून अकलूजला जाते, तेव्हापुरता तरी मी माळकरी म्हणून मिरवतो. मग प्रश्न पडला: मी हे मुद्दाम केलं नाही, तर ही हिंसा म्हणायची का?

बौद्ध विचारात कर्माचं मूळ हेतूत आहे. त्या हिशेबानं मी सुटलो. पण वालचंदनगरचे माझे एक जैन स्नेही सहजी सोडणारे नाहीत. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर उभी आहे, असं त्यांनी सांगितलं. मी पळवाट शोधली. "तुमच्यात मासा पंचेंद्रिय आणि शंख-शिंपल्यातला जीव द्वींद्रिय ना? स्पर्श आणि चव, एवढंच. मग पापही कमी." ते म्हणाले, "इंद्रियं कमी म्हणजे स्वतःला वाचवायची साधनं कमी. मग जबाबदारी कुणाची वाढली?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढं कळलं ते आणखी चटका लावणारं. आपलं रक्त लोखंडावर चालतं, बहुतेक गोगलगाईंचं तांब्यावर. मोरचुदातलं तेच तांबं पाण्यात जरा वाढलं की गोगलगाईचा जीव घेतं. मासा तेवढं सहन करून जातो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं. म्हणजे मासा वाचवायला घातलेला थेंब गोगलगाय मारू शकतो. औषध द्यायचंच तर आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून द्यावं, हे मी सहा जीव गेल्यावर शिकलो.

खरं तर आमच्या घरात बेसावधपणा कधी वाईट रूपात आलाच नाही. तो नेहमी चांगुलपणाचे कपडे घालून आला. आधी सोवळ्याच्या रूपानं. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. काचेवर पांढरी रेघ उमटते. नातीच्या बापाला वाटलं, जिवांना शुद्ध पाणी द्यावं. त्यानं वीस लिटरचे जार आणून पेटी भरली. दोन महिन्यांत गोगलगाईंची पाठ पांढरी पडली, शंखाला खळगे पडले. शंख चुन्याचा, जारच्या पाण्यात चुना उरलेलाच नसतो. ज्या पाण्याला आम्ही नावं ठेवत होतो, तेच त्यांना आणि गप्पींना मानवणारं होतं. पुन्हा बोअरचं पाणी सुरू केलं. ग्रामपंचायतीच्या नळाचं घ्यायचं तर त्यात टीसीएल असतं, म्हणून ते दिवसभर पसरट घमेल्यात उघडं ठेवायचं. तेव्हापासून मी शुद्ध आणि जिवंत हे दोन शब्द जपून वापरतो.

मग बेसावधपणा दयेच्या रूपानं आला. आईनं देहूला इंद्रायणीतल्या माशांना चुरमुरे घातलेले. तिच्या दृष्टीनं ते पुण्य. तिनं एकादशीला पेटीत भाकरीचा चुरा टाकला, वर मूठभर दाणा. सकाळी पाणी गढूळ, वास आंबूस. मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि सगळ्या गोगलगाई काठाला येऊन चिकटल्या होत्या. एखादी वर आली तर श्वासाला आली म्हणावं, सगळ्या एकदम आल्या तर पाणी बिघडलं समजावं. ती मुकी जात एवढंच बोलते, पण वेळेवर बोलते. आईला वाईट वाटू नये म्हणून मी दाण्याचा डबाच वर ठेवला. आता दोन मिनिटांत संपेल एवढाच दाणा, दिवसातून एकदा.

आईचं चुकलं कुठं? नदीत टाकलेला घास नदी वाहून नेते, पातळ करते, चिखलातल्या जिवाणूंना देते. पेटीला वाहणं माहीत नाही. विष्ठा आणि उरलेला दाणा कुजून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट तेवढं विषारी नसतं. हे कारखानदार स्पंजात आणि वाळूत राहतात. नव्या पेटीत त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना जातो. स्पंज नळाखाली साबणानं लख्ख धुतला की त्यांचं गाव उठतं. म्हणून स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, आणि आठवड्याला पाव पेटीच पाणी बदलायचं. सगळं कधीच नाही. ज्या दिवशी आपण काचेत जीव ठेवला, त्या दिवशी आपल्या नीरा नदीचं काम गळ्यात घेतलं. मन कितीही मऊ असलं तरी ते काम होत नाही; त्याला रोजची नजर लागते. पाळण्यातलं पाप-पुण्य मी आता तिथंच मोजतो.

मग वाटलं, ही उठाठेव कशाला? सोडून द्यावं सगळं नीरेत. पण गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. उजनी धरणात आफ्रिकेतली चिलापी शिरली, पाठोपाठ कुणाच्या तरी काचेच्या पेटीतून सुटलेला सकर मासा. दोघांनी आपल्या माशांची जागा आणि कोळ्यांची जाळी कशी अडवली, ते भिगवणच्या बाजारात कुणालाही विचारा. आपली सुटका म्हणजे त्यांची मुक्ती नव्हे. मासे जास्त झाले तर हौदवाल्या शेजाऱ्याला द्यावेत, नर-मादी वेगळे ठेवावेत. नदीची वाट नाही.

शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यातून एक छोटा मासा त्याच्या हातात आला आणि म्हणाला, मला सांभाळ. लहान आहोत तोवर मासाच माशाला गिळतो. मनूनं त्याला आधी घागरीत ठेवलं, तिथं मावेना तेव्हा खड्डा खणला, शेवटी समुद्रात नेलं. पुढं पुरात त्याच माशानं मनूची नाव ओढून नेली. कीर्तनात ही कथा नावेसाठी सांगतात. मला आता आधीचा भाग थांबवतो: घागर कधी लहान पडली हे मनूला वेळेवर कळलं, कारण तो बघत होता. आणि सुरुवात झाली ती हात धुताना.

उरलेल्या चार गोगलगाई मी दुसऱ्या भांड्यात हलवल्या, पेटीचं पाणी थोडं थोडं करून आठवडाभर बदललं. दोन वाचल्या. काचेवर त्यांच्या अंड्यांचे चिकट पुंजके दिसतात. नात मला आता तसंच पेटीपाशी जाऊ देत नाही. आधी माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघते, आणि नखांत निळं दिसलं की परत मोरीवर पाठवते.