उजव्या सीटचं भाडं

बेंगळुरू शहरातून विमानतळाकडे निघालेली टॅक्सी जक्कूरपाशी आली की उजव्या हाताला एक छोटा, जुना विमानतळ लागतो. कर्नाटक सरकारची वैमानिक प्रशिक्षण शाळा इथे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सुरू झाली. तिचं नाव मोठं, पण गेल्या दशकात कधी प्रशिक्षक नाहीत, कधी विमानं दुरुस्तीला, अशी तिची रड वर्तमानपत्रांत येत राहिली आणि मुलांचे तास भरायला वर्षंच्या वर्षं लागली. त्याच रस्त्याने पुढे देवनहळ्ळीला, विमानतळाच्या शेजारी, सीएई कंपनीचं सिम्युलेटर केंद्र आहे. जक्कूरहून तिथे टॅक्सी अर्ध्या-पाऊण तासात पोचते. नव्या वैमानिकाला तेच अंतर कापायला काही वर्षं लागतात, आणि भाड्याचा आकडा लाखांत मोजावा लागतो.

हिशेब साधा आहे. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमाप्रमाणे २०० तास उड्डाण लागतं. त्याचा खर्च आज ५० लाखांच्या पुढे जातो, आणि एखाद्या एअरलाइनशी जोडलेल्या कॅडेट कार्यक्रमात तो कोटीच्या घरात पोचतो. परवाना हातात आला म्हणून एअरबस ए-३२० उडवता येत नाही. त्या विशिष्ट विमानासाठी टाइप रेटिंग करावं लागतं, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, म्हणजे घराचे किंवा शेताचे कागद टेबलावर येतात. ८० लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता एक लाख आठ हजारांच्या आसपास बसतो. पोराचं वय तेव्हा बावीस-तेवीस, आणि नोकरीचं पत्र अजून यायचं असतं.

प्रश्न असा, की यातले कोणते पैसे त्याने भरणं रास्त आहे?

परवान्याचे पैसे विद्यार्थ्याने भरावेत, याबद्दल फारशी तक्रार करता येणार नाही. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, सगळेच आपापल्या शिक्षणाचा खर्च करतात, आणि परवाना कुठल्याही एअरलाइनच्या दारात चालतो. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तेव्हा विमान उडवणं हा सुखवस्तू घरांतला छंद होता आणि छंदाचे पैसे स्वतःच भरायचे असतात. आज ती नोकरी आहे. तरीही पहिली पायरी विद्यार्थ्याची, असं मानून पुढे जाऊ.

टाइप रेटिंगची गोष्ट वेगळी आहे. सिम्युलेटरचं एक सत्र साधारण चार तासांचं. दोन शिकाऊ वैमानिक शेजारी बसतात. अर्धा वेळ एक उडवतो, दुसरा यादी वाचतो, आकडे पाहतो, रेडिओ सांभाळतो, मग अदलाबदल. मागे प्रशिक्षक पडद्यावर बोट ठेवून बसलेला. विमान धावपट्टी सोडणार, आता थांबणं शक्य नाही, नेमक्या त्या क्षणी तो एक इंजिन बंद करतो. खोलीएवढी ती पेटी आपल्या पायांवर कलते आणि पोराचा पाय रडरवर दाबला जातो, चुकीचा दाबला गेला तर पुन्हा पहिल्यापासून. यंत्र इतकं महाग, की ते रात्रंदिवस चालवावं लागतं; मध्यरात्रीनंतरचे स्लॉट बहुधा नवख्यांच्याच वाट्याला येतात. हे शिक्षण उत्तम असतं, पण ते एका जातीच्या विमानापुरतंच. ज्या कंपनीकडे ती विमानं आहेत तिच्या उपयोगाचं. कारखान्याने नव्या कामगाराला आपलं यंत्र शिकवण्याचे पैसे त्याच्याकडूनच घ्यावेत, असा हा प्रकार आहे. फक्त इथे कामगार चकचकीत गणवेशात असतो, म्हणून कुणाला तो खटकत नाही.

आणि मग तिसरी पायरी. सिम्युलेटर संपल्यावर अनुभवी प्रशिक्षक-कमांडरच्या शेजारी, उजव्या सीटवर, प्रत्यक्ष प्रवासी घेऊन उडायचं. याला लाइन ट्रेनिंग म्हणतात. तिकिटं विकलेली असतात, मागे पावणेदोनशे माणसं पट्टा बांधून बसलेली असतात, आणि नियमाप्रमाणे दोन वैमानिकांशिवाय ते विमान हलू शकत नाही. म्हणजे उजव्या सीटवरचा मुलगा शिकत असला तरी कामही करत असतो. जगात काही कंपन्यांनी या सीटचंही भाडं लावलं. युरोपात आणि आग्नेय आशियात दलालांनी पाचशे तासांची पॅकेजं विकली: इतके डॉलर भरा, इतके तास उडा, लॉगबुक भरून घरी जा. पगार नाही, उलट पैसे द्यायचे. ते तास संपले की त्या सीटवर पुढचं गिऱ्हाईक. युरोपातल्या वैमानिकांच्या संघटनेने या प्रथेविरुद्ध मोहीमच उघडली.

इथे बफेलोची आठवण काढावी लागते. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं आणि विमानातले ४९ व जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. कॅप्टनने काही वर्षांपूर्वी फ्लोरिडातल्या एका छोट्या एअरलाइनच्या अकादमीत पैसे भरून उजव्या सीटवरचे तास मिळवले होते. आणि को-पायलट तुटपुंज्या पगारामुळे आईवडिलांकडे सिएटलला राहत होती. नेवार्कला ड्युटीवर येण्यासाठी तिने आदली रात्र मालवाहू विमानांतून प्रवास करत काढली होती. अपघाताचं कारण म्हणून तपास यंत्रणेने कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिक्रियेवर बोट ठेवलं. पैसे भरून मिळवलेल्या तासांवर नव्हे. हे सांगायलाच हवं, कारण या अपघाताचा दाखला देताना पुष्कळ जण ते गाळतात. पण त्यानंतर अमेरिकेने कायदा बदलला, आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारणपणे १,५०० तास सक्तीचे झाले. तिथली मुलं आता ते तास बहुतेक करून प्रशिक्षक म्हणून, पगार घेत भरतात. भारतात २०० तासांचा मुलगा टाइप रेटिंग करून थेट जेटच्या उजव्या सीटवर बसतो. त्यात अपघाताचा धोका आपोआप वाढतो असं नाही. धोका आहे तो वेगळाच.

कॉकपिटमध्ये दुसरा माणूस ठेवलेला असतो तो पहिल्याला अडवण्यासाठी. कॅप्टन घाईत उतरायला निघाला तर ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, म्हणायचं, स्वतःला झोप आवरत नसेल तर ड्युटी नाकारायची, हे त्याचं कर्तव्य. ज्याने त्या सीटसाठी घर गहाण टाकलंय, ज्याचा हप्ता पाच तारखेला कापला जाणार आहे आणि ज्याची जागा भरायला बाहेर रांग उभी आहे, त्याच्याकडून या नकाराची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या धैर्यावर नको तितका भार टाकणं होय. प्रवाशाने तिकिटाचे पैसे दिले ते त्या नकाराचेही दिले. तो नकार दुबळा करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी, आणि ती पोकळ नाही. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४० हून अधिक वैमानिक नोटिशीची मुदत न पाळता निघून गेले, रोज उड्डाणं रद्द होऊ लागली आणि कंपनीला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. आपण शिकवायचं आणि शेजाऱ्याने पळवायचं, हे कुणालाच परवडत नाही. म्हणूनच डीजीसीएने २०१७ मध्ये कमांडरसाठी एक वर्षाची आणि को-पायलटसाठी सहा महिन्यांची नोटीस ठेवली. दुसऱ्या कुठल्याही पेशात इतकी लांब मुदत क्वचितच सापडेल.

पण या दुखण्यावर उपाय आहे, आणि त्याला न्यायालयाची मान्यताही आहे. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं सेवेची अट मोडून दुसऱ्या बँकेची नोकरी धरली. अटीनुसार दोन लाख रुपये भरले आणि मग त्या अटीलाच आव्हान दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी निकाल फिरवला: भरतीवर खर्च करणाऱ्या बँकेने किमान सेवेची वाजवी अट घातली तर ती धंदास्वातंत्र्यावर गदा ठरत नाही. म्हणजे बॉण्ड चालतो. मग आधी खर्च कंपनीने करावा, तीन किंवा पाच वर्षांचा बॉण्ड घ्यावा, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक त्याची रक्कम उतरत जावी. बॉण्डमध्ये जोखीम दोघांची असते. फीमध्ये ती एकट्या पोराची. कंपनी बुडाली तर बॉण्डवाला मोकळा होतो, फीवाला कर्जासकट रस्त्यावर येतो. बेंगळुरूला हे सांगायला नको: याच शहरातून दिमाखात वर गेलेली किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा तिच्या माणसांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते.

कंपनीने खर्च करणं अव्यवहार्य आहे, असं म्हणणाऱ्यांनी ब्रिटिश एअरवेजकडे पाहावं. २०२३ मध्ये तिने स्वतःची अकादमी जाहीर केली आणि निवडलेल्या मुलांच्या प्रशिक्षणाचा प्रत्येकी एक लाख पौंडांपर्यंतचा खर्च स्वतः उचलला. कारण उघड होतं: पैसेवाल्या घरांबाहेरची हुशार मुलं तिला हवी होती. आपल्याकडे बोइंगने जानेवारी २०२४ मध्ये देवनहळ्ळीच्या नव्या संकुलाबरोबर ‘सुकन्या’ कार्यक्रम सुरू केला, त्यात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती आहे. एअर इंडिया अमरावतीजवळ बेलोऱ्याला वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा उभारते आहे. बेळगाव, जळगाव, कलबुर्गी इथेही प्रशिक्षणासाठी जागा खुल्या झाल्या. शाळा वाढताहेत ही चांगलीच गोष्ट, पण बिल कुणाच्या नावावर फाटतं हा मुद्दा राहतोच. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले, तो विक्रम होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, विश्रांतीचे नवे नियम पाळायला वैमानिक पुरेनात म्हणून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि बेंगळुरूच्या टर्मिनलमध्ये बॅगांचे ढीग साचले. एकीकडे परवानाधारक घरी, दुसरीकडे कॉकपिट रिकामं. मधली पायरी विकत घ्यायला लावली की असं होणारच.

डीजीसीएने प्रवासी उड्डाणावर पैसे भरून बसलेल्या वैमानिकाला स्पष्ट शब्दांत बंदी घालावी आणि टाइप रेटिंगचा खर्च नोकरी देणाऱ्याच्या माथी मारावा. हे होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: रेटिंगनंतर किती महिन्यांत उड्डाण सुरू होईल, तसं न झाल्यास पैसे कधी परत मिळतील, आणि बॉण्डची रक्कम दरवर्षी किती कमी होईल. उत्तर तोंडीच मिळालं, तर सही करू नये.