अष्टमीची मोजणी

वरोर, ता. डहाणू

चि. बाळ,


डेटा सायन्सच्या मुलांना एथिक्स शिकवायचं काम तुझ्याकडे आलंय आणि मुलं त्या तासाला मोबाइल बघत बसतात, हे वाचून वाईट वाटलं. पण दोष काही एकट्या मुलांचा नाही. गोपनीयता, संमती, निःपक्षपात असे शब्द फळ्यावर लिहिले की ते परीक्षेपुरते पाठ होतात. त्यांना आधी एक कोरा रकाना दाखव आणि तो कोरा का राहिला ते शोधायला लाव. त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर घेऊन ये.

इथला खडक तुला ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लागली की समुद्र लांब हटतो, खडक उघडा पडतो आणि बाया टोपल्या घेऊन कालवं काढायला उतरतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फारसं मागे जात नाही, खडकावर कुणी दिसत नाही. आता समज, एखादा प्रामाणिक मुलगा नेमका अष्टमीला टॅब घेऊन आला. त्याने डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं : शून्य. त्याच्या मनात काही खोट नव्हती, तरी तक्ता खोटा झाला. जून-जुलैत, मासेमारी बंद असताना येऊन बोटी मोजणाऱ्याचंही तेच होणार.

या शून्याचं पुढे काय होतं ते मुलांना सांग. आपल्याच किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. एवढ्या मोठ्या कामात बाधित कोण, हे शेवटी याद्यांवरून ठरतं. नोंदणी झालेली बोट हे एकक धरलं, तर बोटीचा मालक यादीत येतो. पायी खडकावर जाणारी बाई येत नाही. तिच्याकडे ना बोट, ना परवाना, ना विक्रीची पावती. बंदराबद्दलचं माझं मत तू जाणतेसच, ते वर्गात नेऊ नकोस. पण बंदर हवंच म्हणणाऱ्यालाही ही बाई मोजावी लागेल, एवढं मात्र ठासून सांग. एकक काय धरायचं हे ठरवताना नीतीचा अर्धा निकाल लागून गेलेला असतो, आणि तोवर प्रोग्रामची एक ओळही कुणी लिहिलेली नसते.

मी आयुष्यभर दागिन्यांचे डाय कोरले. पोलादात एक रेघ चुकली की त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यात ती उमटते. अशा तक्त्यांवरून शिकणाऱ्या मॉडेलचंही तसंच आहे. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सगळ्यांची मिळून सरासरी काढली असती तर हे झाकलं गेलं असतं. त्यांनी गट वेगळे करून पाहिले, म्हणून दिसलं. ही सवय मुलांच्या हाताला लागली पाहिजे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा जरूर शिकव. पण ज्याची माहिती घेतली, त्याला तो हक्क देतो. जिची माहिती कुणी घेतलीच नाही, तिने त्या कायद्याचं कुठलं कलम दाखवायचं? तिच्यासाठी तुझ्या विद्यार्थ्यांनाच उभं राहावं लागेल.

तेव्हा पाऊस सरला की या. अर्धी मुलं अष्टमीला पाठव, अर्धी अमावास्येला. फॉर्म तोच, किनारा तोच, मात्र एका गटाला दुसऱ्याचं काही कळू देऊ नकोस. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेव आणि कुणाचा खरा, हे त्यांनाच भांडून ठरवू दे. तो तास कुणी मोबाइलमध्ये घालवणार नाही. फोटो काढण्याआधी बायांना विचारायचं, त्या नको म्हणाल्या तर नाही काढायचा. आणि तयार झालेला तक्ता इथे परत आणून त्यांना मराठीत वाचून दाखवायचा. त्या चूक म्हणतील ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. जाड तळव्याचे बूट घालून या, कालवांच्या कडा पाय चिरतात. जेवणाचं इकडे बघू, किती जण येणार ते आधी कळव.

तुझे
आजोबा